नाताळातले जुने सिनेमे: बघायचे कसे, गुण द्यायचे कसे

पहिल्या वर्षी मी चोवीस सिनेमांची यादी केली होती. १ डिसेंबर ते २४ डिसेंबर, रोज एक. अकरा झाले आणि गाडं अडलं. जानेवारीत वही उघडून पाहिली, तर त्या अकरापैकी नऊ सिनेमांना मी आठ किंवा साडेआठ गुण देऊन बसलो होतो. त्यातल्या दोघांचा शेवटसुद्धा आठवेना.

चूक सिनेमांची नव्हती. सुट्टी असते, खोलीतले मोठे दिवे विझवलेले असतात, एरवी न भेटणारी माणसं शेजारी बसलेली असतात, आणि तेवढ्यात पडद्यावर बर्फ पडायला लागतो. अशा वेळी परीक्षक कितीही कडक असला तरी दोन गुण हातचे सोडतोच. खाली जी पद्धत दिली आहे ती हे हातचे दोन वेगळे काढण्यासाठी आहे. सणाचा आनंद घ्यायचाच, फक्त तो दिग्दर्शकाच्या खात्यावर मांडायचा नाही.

आधी यादी: आठ पुरे

नाताळचे दिवस परंपरेनं बारा मोजतात, २५ डिसेंबर ते ५ जानेवारी. बारा संध्याकाळी, आठ सिनेमे, चार रिकाम्या. त्या चार मोकळ्याच ठेवा. पाहुणे येतात, कोणाला तरी ताप येतो, एखादा सिनेमा दुसऱ्या दिवशी पुन्हा बघावासा वाटतो. यादी गच्च भरली की बघणं हे काम होतं, आणि काम उरकताना माणूस सरसकट आठ देतो.

निवडताना मी तीन गट डोळ्यांपुढे ठेवतो. पहिल्यात नाताळ हाच विषय असतो: सांताक्लॉज, भुतं, चमत्कार. दुसऱ्यात नाताळ हा प्रसंग असतो, गोष्ट वेगळीच असते. तिसऱ्यात तो एखाद्या रात्रीपुरता डोकावतो. माझा कल उघडपणे दुसऱ्या गटाकडे आहे. तिथे सण सजावटीपुरता राहत नाही, तो पात्रांवर दाब आणतो. एकटा माणूस त्या दिवशी जास्त एकटा होतो, पैशाची चणचण जास्त बोचते, खोटं बोलणं जास्त जड जातं. चांगल्या पटकथेला एवढं भांडवल पुष्कळ झालं.

माझी आठांची यादी अशी आहे. ती जशीच्या तशी घ्यायची गरज नाही, पण पुढची उदाहरणं तिच्यातूनच येतील.

२५ तारखेला 'स्क्रूज' (१९५१), अ‍ॅलेस्टेअर सिमची मुख्य भूमिका असलेला ब्रिटिश कृष्णधवल सिनेमा. डिकन्सची मूळ कादंबरिका १८४३ च्या डिसेंबरातली, कंजूष म्हाताऱ्याला नाताळच्या रात्री भुतं भेटतात ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आणि लांबी जेमतेम ८६ मिनिटं. घर भरलेलं असतं त्या दिवशी याहून लांब काही लावू नये. २६ ला अर्न्स्ट लुबिचचा 'द शॉप अराउंड द कॉर्नर' (१९४०): बुडापेस्टमधलं दुकान, तिथे एकमेकांना पाण्यात पाहणारे दोन नोकर, आणि तेच दोघं नकळत एकमेकांना निनावी प्रेमपत्रं लिहिताहेत. २८ ला चॅप्लिनचा 'द गोल्ड रश' (१९२५). तारीख मुद्दाम निवडली आहे. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रँड कॅफेत ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून पहिला जाहीर खेळ केला होता, म्हणून तो दिवस मूकपटाचा. २९ ला विन्सेंट मिनेलीचा 'मीट मी इन सेंट लुईस' (१९४४), यादीतला पहिला रंगीत.

३१ डिसेंबरला बिली वाइल्डरचा 'द अपार्टमेंट' (१९६०), दुसरा कोणताही नाही. गोष्टीच्या मध्यावर ऑफिसातली नाताळची पार्टी आहे आणि शेवट नववर्षाच्या पूर्वसंध्येला होतो. पडद्यावरची रात्र आणि खोलीतली रात्र एकच असणं हा योग दरवर्षी फुकट मिळतो, तो कशाला सोडायचा? २ जानेवारीला फ्रँक काप्राचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६), ३ ला 'मिरॅकल ऑन ३४थ स्ट्रीट' (१९४७), आणि ४ ला दुपारपासून इंगमार बर्गमनचा 'फॅनी अँड अलेक्झांडर' (१९८२). सगळे मिळून साडेपंधरा तासांच्या आसपास.

काप्राचा सिनेमा २ जानेवारीला? हो. ऐन नाताळच्या रात्री तो लावला की कोणी नऊच्या खाली उतरत नाही, हे मी तीन वर्षं पाहिलंय. सण ओसरल्यावर बघितला तर तो किती काळोखा आहे ते कळतं. त्याचा बराचसा भाग एका माणसाच्या इच्छा एकामागून एक कशा मोडतात त्याचाच आहे. 'मिरॅकल'ला तारखेचं एवढं सोयरसुतक नाही. खुद्द स्टुडिओनंच तो उन्हाळ्यात प्रदर्शित केला होता आणि जाहिरातीत नाताळची गोष्ट जवळजवळ लपवली होती.

मग प्रत: इथे अर्धी लढाई असते

जुन्या सिनेमाचं नाव सापडणं आणि सिनेमा सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वात आधी लांबी तपासा.

'द गोल्ड रश' घ्या. १९२५ चा मूळ मूकपट दीड तासाच्या थोडा वर जातो. १९४२ मध्ये चॅप्लिननं तोच सिनेमा पुन्हा कापला, आपल्या आवाजात निवेदन घातलं, संगीत दिलं आणि शेवटचं चुंबन काढून टाकलं. ती आवृत्ती ७२ मिनिटांची. दोन्ही अधिकृत, दोन्ही त्याच्याच, पण अनुभव निराळे. निवेदनवाल्या आवृत्तीत चॅप्लिन स्वतःच्याच विनोदाचा अर्थ सांगत बसतो असं मला वाटतं. १९२५ ची शोधा. 'फॅनी अँड अलेक्झांडर'ही दोन रूपांत आहे: चित्रपटगृहासाठी १८८ मिनिटं, दूरचित्रवाणीसाठी ३१२. पहिल्यांदा बघणाऱ्यानं १८८ चीच घ्यावी. आणि 'स्क्रूज' हा सिनेमा अमेरिकेत 'अ ख्रिसमस कॅरल' या नावानं लागला, त्यामुळे शोधताना वर्ष आणि सिमचं नाव दोन्ही जुळवून बघा. या गोष्टीवर इतके सिनेमे निघालेत की भलताच हाती लागायला वेळ लागत नाही.

लांबीत चार टक्क्यांची तूट दिसली तर घाबरू नका, काही कापलेलं नसतं. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चित्रित होतो, काही देशांतलं जुनं टीव्ही तंत्र २५ नं दाखवायचं. त्यामुळे १२५ मिनिटांचा 'द अपार्टमेंट' त्या प्रतीत १२० मिनिटांत संपतो. आवाज किंचित वरच्या पट्टीत जातो. शक्य असेल तर ती प्रत टाळा.

नंतर चित्राची चौकट, म्हणजे रुंदीचं उंचीशी प्रमाण. पन्नाशीच्या दशकापर्यंतचे बहुतेक बोलपट १.३७ ला १ या प्रमाणात आहेत, म्हणजे जवळजवळ चौकोनी. आजच्या टीव्हीचा पडदा १.७८ ला १. तेव्हा दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणं हे योग्य प्रतीचं लक्षण आहे. कोणीतरी रिमोट उचलून 'पडदा भरून टाक' म्हणेलच. रिमोट ताब्यात ठेवा. ताणलं तर सगळे जाडे दिसतात, मोठं केलं तर कपाळं कापली जातात. 'द अपार्टमेंट'चं उलट आहे. तो २.३५ ला १ असा रुंद, म्हणून त्याचे पट्टे वर-खाली येतात. त्यातलं ते अंत नसलेलं ऑफिस आठवा. कलादिग्दर्शक अलेक्झांडर ट्राउनरनं मागच्या रांगांमधली टेबलं लहान लहान करत नेली आणि तिथे बसवलेली माणसंही लहान चणीची निवडली, म्हणून दालन मैलभर लांब वाटतं. दोन्ही कडा कापलेल्या प्रतीत ही सगळी मेहनत वाया जाते, आणि तुम्ही छायाचित्रणाचे गुण कापून मोकळे होता.

रंगवलेल्या प्रती घेऊ नका. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' ऐंशीच्या दशकात संगणकानं रंगवला गेला तेव्हा काप्रा आणि त्यातला नायक जेम्स स्ट्युअर्ट दोघांनीही त्याला जाहीर विरोध केला होता. कृष्णधवल सिनेमात प्रकाश छटांच्या हिशेबानं बांधलेला असतो, वर रंग चढवला की चेहऱ्यांना कावीळ होते.

टीव्हीची सेटिंग एकदाच बघून ठेवायची. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. ती २४ चौकटींच्या मधे स्वतःच्या मनानं चौकटी घालते आणि १९४० चा सिनेमा कालच्या मालिकेसारखा दिसू लागतो. वेगवेगळ्या कंपन्यांनी तिला वेगवेगळी नावं दिली आहेत, पण चित्राचा 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड निवडला की ती बहुतेक वेळा आपोआप जाते. शार्पनेस कमी करा, 'नॉइज रिडक्शन' काढून टाका. फिल्मचा रवा (ग्रेन) म्हणजे घाण नाही, ते त्या चित्राचं कापड आहे. आवाज मूळचा एकाच वाहिनीचा असतो, खोटा घुमारा देणारे मोड बंद ठेवा. सबटायटल जरूर लावा, संवाद भराभर असतात.

बघताना

फोन दुसऱ्या खोलीत. टिपणं कागदावर, तीच मोजकी. मी एका सिनेमाला तीन ओळींच्या वर लिहीत नाही: एक दृश्य, एक आवाज किंवा संवाद, एक खटकलेली गोष्ट. बस. लिहिण्यासाठी खाली बघितलं की पडद्यावरचं काहीतरी सुटतंच.

पहिली वीस मिनिटं निवाडा नको. जुन्या सिनेमाची चाल वेगळी असते आणि कान-डोळे रुळायला तेवढा वेळ जातो. मूकपटाला जरा जास्त. 'द गोल्ड रश'मध्ये चॅप्लिन उकडलेला बूट खातो तो प्रसंग बघताना लक्ष बुटाकडे देऊ नका (तो ज्येष्ठमधाच्या मिठाईचा केला होता), खिळे माशाच्या काट्यांसारखे चोखणाऱ्या त्या बोटांकडे द्या. बोटांत मेजवानीची ऐट आहे, पोटात भूक.

काही गोष्टी माहीत असल्या की डोळे नेमक्या जागी जातात. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत नैतिक नियमावली कडकपणे किंवा सैलपणे लागू होती, आणि तिच्या हिशेबानं गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. पण काप्राच्या सिनेमात गावचा धनाढ्य म्हातारा पॉटर नायकाच्या संस्थेचे ८,००० डॉलर गिळतो आणि त्याचं कोणीही काही वाकडं करत नाही. एकदा हे ध्यानात आलं की त्या गोड शेवटाखाली एक खडा लागतो. त्याच सिनेमातला बर्फही बघण्यासारखा आहे. आधी पडद्यावर बर्फ म्हणून पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स टाकत. ते पायाखाली इतके वाजत की संवाद नंतर भरावे लागत. इथे आग विझवायच्या फेसात साबण आणि पाणी मिसळून बर्फ केला, आणि त्यासाठी अकादमीचं तांत्रिक पारितोषिकही मिळालं. चित्रीकरण मात्र भर उन्हाळ्यातलं. पुलावरच्या दृश्यात स्ट्युअर्टच्या कपाळावरचा घाम बघा आणि मग ठरवा, तो सगळाच अभिनयाचा आहे का.

गुण: दोन रकाने, दोन वेळा

सिनेमाला वर्तमानपत्रातून तारे देण्याची सुरुवात १९२८ साली न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'मध्ये आयरिन थायरर या समीक्षिकेनं केली, कमाल तीन तारे. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक दर दहा वर्षांनी जे मतदान घेतं त्यात तर गुण नसतातच, प्रत्येकानं दहा नावं द्यायची. १९६२ ते २००२ 'सिटिझन केन' पहिला, २०१२ ला 'व्हर्टिगो', २०२२ ला शांताल अकरमानचा 'जान डीलमान'. मोठमोठ्यांचीही मतं हलतात, तेव्हा आपल्या वहीतली खाडाखोड मनाला लावून घेऊ नये.

मी दहाची पट्टी वापरतो, अर्धे गुण बंद. साडेसात म्हणजे न घेतलेला निर्णय. आकड्यांचा अर्थ आधी लिहून ठेवा, आणि तो कृतीच्या भाषेत असू द्या: पाच म्हणजे वेळ वाया गेला नाही, पण पुन्हा नको. सात म्हणजे मी हा दुसऱ्याला सांगेन. आठ म्हणजे मी स्वतः पुन्हा बघेन. नऊ म्हणजे आठवड्यानंतरही एखादं दृश्य आपणहून आठवतं, म्हणजे पक्का नऊ त्याच रात्री देताच येत नाही. 'उत्तम', 'ठीक' असले शब्द पट्टीवर लिहू नका, त्यांचा अर्थ रोज बदलतो. पट्टी पक्की करायला तुम्ही चार-पाच वेळा बघितलेले तीन सिनेमे खुंटीसारखे ठोकून ठेवा: एक चारचा, एक सातचा, एक नऊचा. नवा सिनेमा आला की त्याला यांच्या शेजारी उभा करायचा.

आता मुख्य गोष्ट. वहीत दोन रकाने आखा. पहिला सिनेमाचा, दहापैकी. दुसरा नाताळचा, पाचपैकी: त्या संध्याकाळी बरं किती वाटलं, घर किती हसलं, कोण कोणाच्या खांद्यावर झोपलं. हे दोन आकडे कधीही एकत्र करायचे नाहीत. माझ्या वहीत 'मिरॅकल'ला सिनेमा म्हणून ७ आणि नाताळचे ५ आहेत. एडमंड ग्वेननं त्यात सांताक्लॉजच्या भूमिकेसाठी मिळवलेलं ऑस्कर पूर्ण हक्काचं आहे, पण कोर्टातला उत्तरार्ध मला जरा सोपा वाटतो. 'द अपार्टमेंट'ला ९ आणि नाताळचे २. दुसरा रकाना आला आणि पहिल्यातले आकडे आपोआप खाली उतरले. प्रेमाला जागा मिळाली की ते गुणांत घुसत नाही.

गुण दोनदा द्यायचे. रात्री पेन्सिलनं, सकाळी शाईनं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांनी दाखवलेली गोष्ट इथे लागू पडते: अनुभव आठवताना आपण त्याचा उत्कट क्षण आणि शेवट धरतो, मधलं बरंचसं गळतं. नाताळच्या सिनेमांचे शेवट तर मुद्दाम डोळे ओले करायलाच बेतलेले असतात. म्हणून पेन्सिलच्या आकड्याआधी सिनेमाचे मनातल्या मनात तीन तुकडे करून प्रत्येकाला वेगळा आकडा द्या. 'मीट मी इन सेंट लुईस'ला हे विशेष लागतं. एका कुटुंबाचं वर्ष त्यात ऋतूंनुसार उलगडतं आणि लोकांना आठवतं ते ज्युडी गारलंडनं धाकट्या बहिणीसाठी खिडकीशी म्हटलेलं गाणं. गाण्याचे मूळ शब्द इतके उदास होते की गारलंडनं ते बदलायला लावले, आणि बदलूनही ती धाकटी बहीण बाहेर जाऊन बर्फाची माणसं फोडतेच. गाण्याला दहा. पण त्याआधीच्या तासाचे गुण वेगळे मोजा.

रात्रीच्या आणि सकाळच्या आकड्यांत दोनचा फरक पडला तर कारण एका ओळीत लिहा. 'झोप आली होती' हेही कारण चालतं.

घरातल्या सगळ्यांनी मिळून

आमच्याकडे सिनेमा संपल्यावर आत्या "छान होता हो" म्हणायची आणि पुढे सगळे आठ. आता नियम असा: चिठ्ठ्या लिहून होईपर्यंत कोणी बोलायचं नाही, आणि बोलायला सुरुवात सर्वात लहानानं करायची. आत्या शेवटी. आत्याला सुरुवातीला राग आला होता. पण नंतर तिनंच 'स्क्रूज'ला चार दिले आणि अर्धा तास भांडली.

घराचा एकत्रित आकडा काढताना सरासरी नको. पाच जणांनी ९, ८, ८, ७, २ दिले तर सरासरी येते ६.८, आणि हे मत त्या खोलीत एकाचंही नाही. आकडे ओळीनं मांडून मधला घ्या, म्हणजे ८. आणि दोन देणाऱ्याचं म्हणणं वहीत शब्दशः उतरवा. वर्षानंतर तेच वाचायला सर्वात मजा येते.

खटकणाऱ्या गोष्टींचं काय

जुने सिनेमे बघायचे तर हा प्रश्न येणारच. 'व्हाइट ख्रिसमस' हे गाणं पडद्यावर पहिल्यांदा आलं ते 'हॉलिडे इन'मध्ये (१९४२), आणि त्याच सिनेमात लिंकनच्या जन्मदिनाचं गाणं गोऱ्या कलाकारांनी चेहरे काळे रंगवून केलंय. टीव्हीवर दाखवताना ते गाणं अनेकदा कापतात. "त्या काळी असंच होतं" म्हणून मान डोलावणं मला पटत नाही, कारण त्या काळीही ज्या कृष्णवर्णीयांची त्यातून नक्कल होत होती त्यांना ते बोचतच होतं. आणि सरसकट शून्य देण्यानंही काही कळत नाही. मी दोन प्रश्न विचारतो. सिनेमा त्या गोष्टीच्या बाजूनं उभा आहे, की नुसती ती दाखवतो? आणि ती काढली तर गोष्ट कोसळते का? उत्तरं शेऱ्यात जातात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'बाजूनं' असेल तर गुणही जातात. किरकोळ प्रकारही असतात. नायक जन्मलाच नसता तर कसं असतं म्हणून काप्रानं कल्पिलेल्या भयानक जगात नायिकेची शोकांतिका काय, तर ती लग्न न झालेली ग्रंथपाल आहे. आमच्या भाचीनं त्यावर एक गुण कापला आणि मी अपील केलं नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवा. 'द अपार्टमेंट' आणि 'इट्स अ वंडरफुल लाइफ' दोन्हींत आत्महत्येचा विषय येतो. सणाचा सिनेमा म्हणून बेसावध बसलेल्या माणसाला तो अंगावर येऊ शकतो, आणि पहिला लहान मुलांसाठी नाहीच.

५ जानेवारी: क्रम

शेवटच्या संध्याकाळी सिनेमा नाही. गुणांचं पान झाका आणि आठही नावं चिठ्ठ्यांवर लिहा. एक चिठ्ठी टेबलावर ठेवा. दुसरी उचला आणि विचारा: आज रात्री या दोघांतला एकच बघता येईल, कोणता? जो जिंकेल तो वर. तिसरी चिठ्ठी याच पद्धतीनं वरून खाली सरकवत तिच्या जागी बसवा, मग चौथी. वीसेक मिनिटांत उतरंड तयार होते. आता गुणांचं पान उघडा.

दोन्ही जुळणार नाहीत, आणि जिथे जुळत नाहीत तिथेच बोलण्यासारखं असतं. नऊ गुणांचा 'फॅनी अँड अलेक्झांडर' माझ्याकडे पाचवा आला, कारण आदर आहे पण तीन तासांची तयारी रोज नसते. सात गुणांचा 'द शॉप अराउंड द कॉर्नर' दुसरा आला. जुना आकडा खोडायचा नाही, खाली तारीख घालून नवा लिहायचा. त्या दुकानासमोर माझ्या वहीत आता ७, ८ आणि ९ असे तीन आकडे एकाखाली एक आहेत. चौथ्याला जागा उरली नव्हती, म्हणून या वर्षी तिथे एक जादा कागद चिकटवून ठेवला आहे.